पेनिसिलिनच्या गावात वरणाची वाटी

पिंपरी-चिंचवडमध्ये राहिलेल्या माणसाला 'एच.ए.' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बसचा थांबा एच.ए., कॉलनी एच.ए., शाळा एच.ए. पूर्ण नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड, पण ते पाटीवर लिहिण्यापुरतं. मार्च १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली आणि १९५५ पासून इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तेव्हा पिंपरी म्हणजे पुणे-मुंबई रस्त्यावरचं एक गाव आणि शेजारी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. टेल्को, बजाज वगैरे मंडळी यायची होती, ती साठच्या दशकात आली. म्हणजे आज गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातला अगदी सुरुवातीचा मोठा कारखाना जखमेवरच्या औषधाचा होता. मला ही गोष्ट फार आवडते.

शाळेत आपल्याला जखमेचा जो इतिहास शिकवतात तो जंतूंचा इतिहास असतो. लिस्टरने जंतुनाशक वापरलं, फ्लेमिंगच्या बशीत बुरशी उगवली, पेनिसिलिन आलं आणि माणसं साध्या खरचटण्याने मरायची थांबली. खरंच आहे ते. पण या गोष्टीत एक मोठी जागा रिकामी राहते. पेनिसिलिन जखम भरत नाही, ते जंतू मारतं. शेताची राखण करणं वेगळं आणि पीक उगवणं वेगळं. जखम भरण्याचं काम शरीराला स्वतःलाच करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा माल औषधाच्या दुकानातून येत नाही, स्वयंपाकघरातून येतो.

काय होतं ते थोडक्यात सांगतो. कापलं की आधी रक्त गोठतं. मग पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात. ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. तीन-चार दिवसांनी खरं बांधकाम सुरू होतं. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखमेत उतरतात आणि कोलॅजेन नावाचे तंतू विणायला लागतात. त्यांच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आपण 'मांस भरून येतंय' म्हणतो ते हेच. कडेने नवी त्वचा सरकत येते. वरून जखम मिटलेली दिसली तरी आत काम चालूच असतं. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी असते आणि तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. पूर्ण शंभर ती कधीच होत नाही.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट प्रथिनांची आहे. कोलॅजेन हे प्रथिन, जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी प्रथिनं, विणकाम करणारी एन्झाइम्स प्रथिनं. त्यातून ओल्या जखमेतून जो स्राव वाहतो त्यातूनही प्रथिनं बाहेर जात असतात. आणि गोम अशी की शरीरात चरबीसारखं प्रथिनांचं वेगळं कोठार नसतं. जी आहेत ती सगळी कामावर असतात, स्नायूंत, रक्तात, आतड्यांत. ताटातून आली नाहीत तर शरीर स्नायू मोडतं आणि त्यातली अमिनो आम्लं जखमेकडे पाठवतं. घराची पुढची भिंत पडली म्हणून मागच्या भिंतीच्या विटा काढून ती बांधायची, असला प्रकार.

हे कुणाला कधी कळलं? १९३० च्या सुमाराला ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन नावाचा तरुण संशोधक हाडं मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होता. इजा झाल्यावर रुग्णांच्या शरीरातून नायट्रोजन भराभर बाहेर पडत होता, आणि नायट्रोजन म्हणजे मोडलेली प्रथिनं. पाय मोडला तर फक्त पायाचे स्नायू झिजतील असं कुणालाही वाटेल. पण हिशोब लागेना, इतका नायट्रोजन एकट्या पायातून येणं शक्य नव्हतं. सबंध शरीर झिजत होतं. मग १९३६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली या सर्जनने पोटाच्या अल्सरचं ऑपरेशन झालेल्या आपल्या रुग्णांचा हिशोब मांडला. ऑपरेशनपूर्वी ज्यांचं वजन वीस टक्क्यांहून जास्त उतरलं होतं त्यांच्यातला एक तृतीयांश दगावला होता. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. सर्जन तोच, सुरी तीच. फरक रुग्ण टेबलावर येण्याआधीच पडला होता. दोनच वर्षांनी फिलाडेल्फियात रॅव्हडिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की रक्तातली प्रथिनं कमी केली की पोटाचे टाके धरत नाहीत, जखमेत फायब्रोब्लास्ट वेळेवर येतच नाहीत.

आणि मग १९५४. इकडे पिंपरीत पेनिसिलिनच्या कंपनीची नोंदणी होत होती, आणि त्याच वर्षी तिकडे मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 'नेचर'मध्ये कोलॅजेनची रचना मांडली: एकमेकांभोवती वळलेले तीन पदर, आपल्या सुंभासारखे. हा पीळ घट्ट बसायचा तर प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्लच हवं, दुसरं तिथे मावतच नाही. यासाठी त्यांनी ज्या तंतूंवर क्ष-किरण सोडले ते कांगारूच्या शेपटीतले होते! असो. सांगायचा मुद्दा असा की जखम राखणारं औषध आणि जखम सांधणारा दोर, दोन्हींचा भारतातला इतिहास एकाच साली सुरू होतो. एकाचा कारखाना झाला. दुसऱ्याचा कारखाना आपल्या अंगातच आहे, फक्त कच्चा माल पुरवावा लागतो.

कच्च्या मालावरून आठवलं. पेनिसिलिनच्या बुरशीलाही तो लागतोच. फ्लेमिंगच्या बुरशीतून सुरुवातीला औषध निघायचं ते चिमूटभर. १९४१ मध्ये अमेरिकेत पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेने तिला मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी पाजलं, नायट्रोजनने भरलेलं, आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. म्हणजे बुरशीच्या आहाराचा अभ्यास केल्याशिवाय पेनिसिलिनसुद्धा जगाला पुरलं नसतं. रुग्णाच्या आहाराचा तितका अभ्यास आपल्याकडे कोण करतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून नाही पडला. माझा एक मावसभाऊ भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. दोन बोटांवर निभावलं, पण तळहात चांगलाच फाटला. टाके पडले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. आणि घरी आल्यावर मावशीने पथ्य सुरू केलं. तुरीची डाळ बंद, ती वातूळ. अंडं बंद, ते उष्ण. मटण-मासे तर नावच नको, टाके चिघळतात. भाताने पू होतो. दही-ताक आंबट. उरलं काय? दोन चपात्या, बटाट्याची किंवा दुधीची भाजी आणि दिवसातून चार वेळा चहा-खारी. तीन आठवडे झाले तरी जखम ओली ती ओलीच. पू नव्हता, ताप नव्हता, औषधांनी त्यांचं काम चोख केलं होतं. शेवटी पट्टी बदलणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय जेवतो हा?" मावशीने मोठ्या अभिमानाने पथ्याची यादी सांगितली. बाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जंतूंना उपाशी ठेवताय असं तुम्हाला वाटतं. उपाशी राहतोय तो तुमचा मुलगा."

मावशीला राग आला. पण दुसऱ्या दिवशी वरण शिजलं, दोन दिवसांनी अंडीही उकडली. जखम भरायला त्यापुढेही बरेच दिवस लागले, चमत्कार वगैरे काही झाला नाही. तंबाखू सुटली हेही त्यातलं एक कारण असणार. जखम न भरायला मधुमेह, तंबाखू, रक्तपुरवठा अशी पुष्कळ कारणं असतात, सगळा दोष ताटावर घालता येत नाही. पण ते पथ्य माझ्या डोक्यात राहिलं. मावशी अडाणी नाही, तिने हे कुठून आणलं?

शोधत शोधत गेलो तो सुश्रुतापर्यंत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय पूर्णपणे जखमी माणसाची काळजी कशी घ्यावी याबद्दल आहे. त्यात वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी आहे: नवं धान्य, तीळ, उडीद, कुळीथ, पावटे, दही, ताक, दूधसुद्धा. मावशीच्या यादीशी बरीच जुळणारी. पण त्याच अध्यायात दुसरीही यादी आहे, काय द्यावं याची: जुन्या तांदळाचा गरम मऊ भात, थोडं तूप, मुगाचं कढण, डाळिंब, आवळा आणि रानातल्या प्राण्यांचं मांस. असं जेवणाऱ्याची जखम लवकर बरी होते असं तिथे स्पष्ट म्हटलंय. मुगाचं कढण म्हणजे प्रथिनं, मांस म्हणजे प्रथिनं, आणि आवळा म्हणजे क जीवनसत्त्व, ज्याच्याशिवाय कोलॅजेनचा पीळ पक्का होत नाही. सुश्रुताला हे शब्द माहीत नव्हते, पण त्याने माणसं पाहिली होती.

मग मधल्या काळात झालं काय? मला आपलं असं वाटतं की 'नको'ची यादी पाठ करायला सोपी आणि पाळायला फुकट. 'हवं'ची यादी मात्र महाग. मांस, तूप, डाळिंब कुठून आणणार? गरीब घरात पहिला रकाना टिकला, दुसरा पुसला गेला. नंतर त्या पुसलेल्या रकान्यालाच आपण परंपरा म्हणायला लागलो.

आणि हा रकाना फक्त घरातच पुसला गेला असं नाही, तो सरकारी कागदांवरही पुसला गेला. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लोक खडी फोडायला, तळी खणायला दुष्काळी कामांवर गेले. खर्च कमी करायला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलने १८७७ च्या जानेवारीत शिधा उतरवला: अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. धान्य तर वाढवाच, पण डाळही द्या, कष्ट करणाऱ्या शरीराला नायट्रोजनयुक्त अन्न लागतं, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे मुंबई इलाख्यात लोकांनी ही कामं सोडून निषेध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली. विचार करा, खडी फोडणाऱ्या माणसाच्या हातापायांना रोज किती जखमा होत असतील! आणि त्या भरायला ताटात डाळ नाही. प्रथिनांचा वाद हा आपल्या पुण्यात इतका जुना आहे.

या वादातलं दुसरं मोठं नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध. रोमच्या अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी वीस वर्षं सांख्यिकीचं काम पाहिलं आणि नंतर पुण्यात येऊन राहिले. साठच्या दशकात जगभर 'प्रोटीन गॅप'चा गजर चालला होता. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच काढला. सुखात्म्यांनी आहाराच्या पाहण्यांची आकडेमोड केली आणि सांगितलं की भारतात ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यातल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. धान्य आणि डाळ पोटभर खाल्ली तर निरोगी मोठ्या माणसाला प्रथिनं पुरतात. पोट अर्धं असेल तर खाल्लेली डाळसुद्धा शरीर जळण म्हणून जाळून टाकतं. दारापुढे रचलेल्या इमारती लाकडाची चूल पेटवावी तसं.

हे आपल्या विषयाला फार लागू आहे. जखमी माणसाला नुसता प्रोटीनचा डबा आणून दिला आणि बाकी जेवण अर्धपोटी राहिलं, तर तो महागडा डबा चुलीत जातो. आधी भाकरी, मग त्याबरोबर वरण. दोन्ही हवं.

पण सुखात्म्यांचा दुसरा मुद्दा मला बोचतो. पुढे त्यांनी मांडलं की माणसाचं शरीर कमी-जास्त अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित धरू नये. यावरून वि. म. दांडेकरांशी त्यांचा वाद झाला. दोघेही पुण्यातले, दोघेही मोठे. त्या वादात पडायची माझी लायकी नाही. मी फक्त जखमेच्या बाजूने बघतो. जुळवून घेतलेलं शरीर रोजचं काम ओढून नेतं. शिफ्ट होते, ओव्हरटाइमही होतो. वजन थोडं कमी, दंड थोडे बारीक, पण चालतंय. मग एक दिवस प्रेस पडते, आणि त्या दिवशी शरीराकडे जास्तीची मागणी येते. जखम म्हणजे शरीराचं ऑडिट. इतकी वर्षं वह्या कशा जुळवल्या होत्या ते तेव्हा उघड होतं.

आकडेच घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. दिवसभरात चारशे ग्रॅम गहू किंवा ज्वारी पोटात गेली तर त्यातून चाळीस-एक ग्रॅम मिळतात, आणि साठ ग्रॅम कोरडी डाळ शिजवली तर तेरा-चौदा. बेरीज बरोब्बर काठावर. शिवाय धान्यात लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते. वरण-भात, पिठलं-भाकरी ही जोडी उगाच नाही जमलेली. आता अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झालेल्या रुग्णांसाठी जगभरचे डॉक्टर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम सांगतात. त्याच माणसाला हे ८१ ते ९७ ग्रॅम झाले. काठावरच्या ताटातून वरचे तीस-चाळीस ग्रॅम कुठून येणार? एका अंड्यात सहा, कपभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. अशक्य नाही, पण कुणीतरी ठरवून वाढावं लागतं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

कुणी वाढायचं? १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे कँटीन सक्तीचं करता येऊ लागलं. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कामगारांना कंपनीच्या कँटीनबद्दल विचारून बघा, पगारापेक्षा जास्त उत्साहाने बोलतात! वरणाची वाटी परत मागता यायची, हे त्यातलं मुख्य सुख. २०२० च्या नव्या संहितेने ही मर्यादा शंभरावर आणली, त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता लागू झाली. चांगलंच झालं. पण भोसरीच्या किंवा चाकणच्या गल्लीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या प्रेस शॉपला ती मर्यादा लागतच नाही, आणि बोटं जायची भीती तिथे जास्त.

चाकण एके काळी कांदा-बटाट्याच्या बाजाराचं गाव. १९९९ मध्ये बजाज आलं, २००९ मध्ये फोक्सवॅगन, मागोमाग सुट्या भागांचे शेकडो कारखाने. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुलं एका खोलीत पाच-सहा जण राहतात. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री खोलीवर भात आणि पातळ डाळ, तीही दमलो नसलो तर. घरी पैसे पाठवायचे असतात, तेव्हा पहिली काटछाट ताटातच होते. पगाराच्या चिठ्ठीवर ती दिसत नाही. ईएसआयमध्ये नाव असेल तर कामावर जखमी झालेल्याला उपचार मिळतात, तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीच्या ९० टक्के भत्ताही मिळतो. ही मोठी सोय आहे, आणि तिचा खरा उपयोग त्या पैशाचं काय शिजतं यावर ठरतो.

पेनिसिलिनचं गाव म्हणवणाऱ्या पिंपरीतली ती कंपनी नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पण पेनिसिलिनचं काम झालं होतं. स्वस्त अँटिबायोटिक गावागावात पोचलं, इतकं की आता ते जपून वापरा म्हणून सांगावं लागतं. १९५४ साली आपण जखमेचा अर्धा प्रश्न हातात घेतला आणि तो बऱ्यापैकी सोडवला. उरलेला अर्धा कॉर्निशच्या वेळेपासून तसाच पडून आहे, आणि त्याला ना बुरशी लागते ना परदेशी मदत. तूर, मूग, शेंगदाणा, अंडं, सगळं इथलंच.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणाला टाके पडले, तर पथ्य जरूर पाळा. फक्त कागदावर दोन रकाने करा. 'काय नको' लिहून झालं की 'काय हवं' हा रकाना रिकामा सोडू नका.